परत आलेली मोटर

फोरमनने पान्याला जोर दिला आणि झाकणाचा पहिला बोल्ट कुरकुरत सैल झाला. त्याने तो बोटांनी फिरवून काढला आणि शेजारच्या पत्र्याच्या थाळीत टाकला. थाळी टणकन वाजली. दोन हात लांब, मावशी हाताची घडी घालून उभी होती.

लांब उभं राहायचा नियमच होता. बाहेरून परत आलेल्या मोटरवर ज्याचा शिक्का असेल, त्याने ती पुरती उघडून होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. हा नियम कोणी आणि कधी केला ते कारखान्यात कोणालाच ठाऊक नव्हतं, पण का केला ते सगळ्यांना ठाऊक होतं. माणसाचा हात स्वतःची चूक झाकायला फार चटकन पुढे होतो.

दुसरा बोल्ट थाळीत पडला.

पेट्रोल पंपावर गाडीत पेट्रोल सोडणारं जे उभं यंत्र असतं, त्याच्या पोटात बसणाऱ्या मोटरी इथे तयार होत. कागदोपत्री त्यांना स्फोटरोधक म्हणतात, आणि या नावाने भलेभले फसतात. आत स्फोट होऊच नये अशी मोटर अजून कोणी बनवलेली नाही. पेट्रोलची वाफ मोठी आगाऊ, बोलावलं नसताना कुठूनही आत शिरते. त्यात एखादी तार सैल पडून ठिणगी उडाली की भडका ठरलेला. कारखान्याचं काम एवढंच, की तो भडका आतल्या आत राहावा. म्हणून पेटी जाड बिडाची, झाकणाची कड रुंद, आणि झाकण अन् पेटी यांच्यामधली फट इतकी बारीक, की ज्वाळेने तिच्यातून बाहेर यायला बघितलं तर येता येताच ती गार होऊन विझावी. ती फट मोजायचं काम मावशीकडे होतं. पोलादाच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा हातात घ्यायचा, एकेक पट्टी झाकणाच्या कडेशी धरायची. जायला नको ती पट्टी आत गेली की मोटर बाजूला. नाही गेली की मोटरवर शिक्का.

म्हणून तिला सगळे फटमावशी म्हणत. नवीन लागलेली पोरं हे नाव ऐकून आधी तोंडावर हात धरून हसत, आणि महिन्याभरात त्यांच्याही तोंडी तेच बसे. घरीसुद्धा दार लावलं की ती सवयीने चौकटीशी वाकून बघायची. नवरा म्हणायचा, "माझ्या दातांमधली तेवढी राहिलीय, तीही मोजून टाक."

आज मात्र सकाळपासून तिने चहाला तोंड लावलं नव्हतं. ही मोटर आपण कधी तपासली ते तिला काही केल्या आठवत नव्हतं. आठवणार तरी कसं? एकीसारखी एक, रांगेने पुढे आलेली आणि रांगेने पुढे गेलेली. त्या दिवशी आपलं डोकं दुखत होतं का, कोणाशी बोलता बोलता पट्टी घातली का, एखादी बाजू राहिली का? शिक्का तर तिचाच होता. फोरमनने फडक्याने मोटरवरचं काळं पुसून तो तिला सकाळीच दाखवला होता. तोही बिचारा नजर चुकवत होता.

मागे एका तपासनिसाची मोटर अशीच परत आली होती. झाकणाची कड एका अंगाने वाकडी निघाली. त्याला कोणी काढलं नाही, कोणी वावगा शब्दही बोललं नाही. तोच टेबलावर बसेना. पट्टी हातात घेतली की तीच बाजू पुन्हा पुन्हा मोजत राहायचा. आता तो गोदामात खोकी मोजतो, आणि चांगला माणूस आहे, सगळ्यांना हसून बोलतो. मावशीला सकाळपासून त्याचंच हसू डोळ्यांसमोर येत होतं.

"पुन्हा एकदा सांगा," फोरमन पाना न थांबवता म्हणाला, "आवाज कसा आला?"

हा प्रश्न भिंतीजवळच्या मुलीला होता. पंपावर पेट्रोल भरायचं काम करणारी, पंचविशीची असेल. पंपाचा निळा गणवेश, पायात जाड बूट, आणि हातात टोपी, जी ती आल्यापासून गोल गोल फिरवत होती. मोटर बंद पडली तेव्हा यंत्राजवळ ती एकटीच होती, म्हणून कारखान्याने तिला बोलावून घेतलं होतं. खुर्ची दिलेली असूनही ती कडेवर टेकली होती, कोणी उठवलं तर पटकन उठता यावं अशी.

"आवाज म्हणजे... धप्प," ती म्हणाली. "शेजारच्या खोलीत कोणी उशी आपटावी तसा. मला वाटलं गाडीवाल्याने डिकी आपटली. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. मग यंत्रावरचे आकडे थांबले."

"मग?"

"मग तो भांडायला लागला. अर्धीच टाकी भरली म्हणून."

फोरमनला हसू आलं. मावशीला आलं नाही. शेवटचा बोल्ट थाळीत पडला, फोरमनने झाकणाखाली दोन्ही अंगठे घातले आणि ते अलगद उचललं.

आत सगळं काळं होतं. तारांचं वेष्टण वितळून लोंबत होतं, झाकणाची आतली बाजू चुलीच्या तळासारखी काजळली होती. मावशीने आयुष्यभर बंद केलेल्या पेट्या बघितल्या होत्या, आतून जळलेली पेटी ती पहिल्यांदा बघत होती. तिने शेजारच्या टेबलाची कड धरली.

फोरमन कडेवर वाकला. त्याने फुंकर मारून कड साफ केली, त्यावरून नख फिरवलं, झाकण सपाट दगडी पाटावर ठेवून चारी बाजूंनी दाबून बघितलं. हललं नाही. मग ते पुन्हा पेटीवर ठेवून सगळे बोल्ट हाताने परत आवळले, मावशीच्याच टेबलावरच्या पट्ट्या घेतल्या आणि कडेकडेने फिरवू लागला. मावशी पट्टीच्या टोकाकडे बघत होती. एका जागी ते टोक किंचित थांबलं, तेव्हा ती टाचा उंचावून बघू लागली. फोरमनने पट्टी काढली, पुसली, पुन्हा लावली. आत गेली नाही.

"फट बरोबर आहे," तो शेवटी म्हणाला. "चारी बाजूंनी. कडेवर ओरखडा नाही. बोल्ट सहाच्या सहा." आणि मग मावशीकडे वळून, सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघत, "मावशी, सुटलात."

मावशीने मान हलवली. मग तिने टेबलाची कड सोडली.

"काय झालं होतं?" मुलीने विचारलं.

"आत स्फोट झाला होता, बाई."

"कधी?"

"तुम्हाला उशी आपटल्यासारखं वाटलं ना, तेव्हा."

टोपी फिरायची थांबली. मुलीने ती डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

"म्हणजे... मी यंत्राला हात टेकून उभी होते. नळी माझ्या हातात होती."

"हो. आतला भडका आत राहिला. एका जागी जरी झाकण उचललं गेलं असतं, तर ज्वाळा बाहेर आली असती. बाहेर काय काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत." फोरमनने पट्ट्या मिटल्या आणि बोल्ट पुन्हा सोडवून थाळीत टाकू लागला. "गाडीवाला भांडला तो भांडण करायला शिल्लक होता म्हणून."

मुलीने त्या काळ्या पेटीकडे बघितलं. मग उभी राहिली.

"हे तपासलं कोणी?"

फोरमनने बोट दाखवावं तसा पाना मावशीकडे केला. "ह्या आमच्या फटमावशी."

मुलगी चालत आली आणि तिने मावशीचे दोन्ही हात धरले. मावशीचे हात तेलकट होते, तिने ते मागे घ्यायला बघितलं, पण मुलगी सोडेना.

"माझी मुलगी अडीच वर्षांची आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी घरी गेले तर ती दारात उभी होती. उशीर का झाला म्हणून माझ्यावर रुसली होती. मीही वैतागलेली होते, तिला एक धपाटा दिला." तिने हात आणखी घट्ट धरले. "मला माहीतच नव्हतं मावशी. मी काहीच झालं नसल्यासारखी घरी गेले हो. तुमच्यामुळे गेले."

मावशीचे डोळे भरून आले आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. इतक्या वर्षांत तिचे आभार कोणी मानले नव्हते, आणि त्यात कोणाची चूकही नव्हती. नळ गळायला लागला की लोकांना वॉशर आठवतो. न गळणाऱ्या नळासमोर उभं राहून वॉशर बसवणाऱ्याला कोणी दुवा देत नाही. कारखान्यात परत येई ती फक्त तक्रार. पहिल्यांदाच एक माणूस परत आलं होतं, जिवंत, निळ्या कपड्यांत, हात धरून उभं. मावशीला इतकं भरून आलं की आपण हसतोय की रडतोय ते तिचं तिलाच कळेना.

"बस, बस," ती एवढंच म्हणाली. "चहा घे."

फोरमनही खुशीत आला होता. "मी वर मालकांना सांगून येतो," तो म्हणाला. "आज सगळ्यांसमोर सांगायला लावतो त्यांना. मावशी, आता हात लावा बिनधास्त. बोल्ट पुसून पिशवीत बांधून ठेवा, मोटरसोबत जपून ठेवायचेत." आणि तो जिना चढून गेला.

चहा आला. मुलगी आता खुर्चीत नीट मागे टेकून बसली आणि फुंकर घालत पिऊ लागली. तिच्या मुलीला दोन वेण्या घालायच्या असतात पण केस अजून पुरत नाहीत, असलं काहीबाही ती सांगत होती. मावशी हसून हुंकार देत होती आणि फडक्याने एकेक बोल्ट पुसत होती. पंपावरच्या धुळीचा आणि तेलाचा थर जाडच होता. पुसला की डोक्यावर पिवळा ठिपका दिसे. तपासून झालं की मावशीच प्रत्येक बोल्टावर तो लावत असे, अर्धा बोल्टावर आणि अर्धा झाकणावर, म्हणजे नंतर कोणी बोल्ट हलवला तर ठिपक्याचे दोन तुकडे होऊन कळावं.

पहिला पुसला, पिवळा. दुसरा पिवळा. पाचव्यापर्यंत तिने मोजलंही नाही.

सहाव्यावर ठिपका नव्हता. तिने फडकं रॉकेलमध्ये बुडवून पुन्हा पुसलं. नव्हताच. डोक्यावरच्या खुणा वेगळ्या कारखान्याच्या होत्या आणि चकाकी नवी होती. तिने तो शेजारच्या बोल्टाला लावून बघितला. लांबी तीच, आटे तेच, ताकदीचा आकडाही तोच. मग तिने झाकण उजेडात धरलं. धूळ पुसल्यावर सहाही भोकांशी पिवळा अर्धा ठिपका दिसला; जाताना सहाही बोल्टांवर ठिपका होता. म्हणजे कारखान्यातून गेल्यावर हे झाकण कोणीतरी उघडलं होतं, एक बोल्ट हरवला होता, आणि त्या जागी दुसरा बसवला होता.

मावशीने बोल्ट थाळीत ठेवला. फोरमन जिन्यावर वर गेला होता. एव्हाना त्याने सांगायला सुरुवातही केली असेल. त्याने बोल्ट मोजले होते, ते सहा होते, आणि खरं बघितलं तर फट बरोबर होती, अगदी बरोबर, हे काही खोटं नव्हतं. पण ती बरोबर राहिली यात त्या सहाव्या बोल्टाचाही वाटा होता, आणि तो तिचा नव्हता. तिने सहाही बोल्ट पिशवीत टाकले आणि सुतळीची गाठ मारली. समोर ती मुलगी तिच्याकडे अशा नजरेने बघत होती, की तशी नजर पुन्हा कोणी आपल्यावर टाकेल असं मावशीला वाटत नव्हतं. ती नजर आणखी थोडा वेळ तरी राहू द्यावी, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

मग तिने गाठ सोडली.

"पोरी," तिने विचारलं, "ही मोटर मध्ये कोणी उघडली होती का गं?"

मुलीने कप खाली घेतला. "हो. उन्हाळ्यात. यंत्र मध्येच थांबायचं, म्हणून मिस्त्री आला होता. तार सैल झाली होती म्हणाला." तिचा चेहरा जरा उतरला. "का? त्याने काही बिघडवलं का?"

"एक बोल्ट हरवला होता?"

"अरे देवा, तुमच्यापर्यंत आलं का ते?" मुलीने कपाळाला हात लावला. "घरंगळून गटाराच्या जाळीत गेला. तो म्हणाला, पाच आहेत ना, कुठे उडून जातंय झाकण. आणि यंत्र चालू करायला निघाला. मी करू दिलं नाही."

"तू?"

"मी शिंप्याची मुलगी आहे, मावशी. बाबांचं म्हणणं, काज असलं की बटण पाहिजे. एक बटण कमी असलेला शर्ट त्यांनी कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिला नाही. मला त्या झाकणातलं कळत काही नव्हतं, पण सहा भोकं आणि पाच बोल्ट, ते उघडं भोक माझ्याने बघवेना. मी यंत्राच्या पुढ्यात खुर्ची टाकून बसले. म्हटलं, आधी सहावा आणा."

"आणला त्याने?"

"आधी कुठलातरी आखूड आणला. तो नुसता फिरत राहिला, धरेचना. मग मीच त्याला त्या पाचांतला एक काढून दिला, म्हटलं नमुना घेऊन जा. बटण आणायला जाताना आम्ही एक बटण सोबत नेतो, नाहीतर दुकानदार काहीही गळ्यात मारतो. पाय आपटत गेला तो, पण घेऊन आला. तोवर रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग लागली होती. मॅनेजर माझ्यावर इतके ओरडले, इतके ओरडले... अजून मला पंपावर बटणबाई म्हणतात."

मावशी तिच्यासमोर स्टूल ओढून बसली. 

"हे बघ," ती म्हणाली. तिने झाकण उचलून पेटीवर ठेवलं आणि एका भोकाजवळ बोट ठेवलं. "आतून धक्का बसला की झाकण वर उचलायला बघतं. जिथे बोल्ट नाही, तिथे ते उचललं जातं. फट तिथेच मोठी होते. मग मी ती कितीही बारीक मोजलेली असो, ज्वाळा तिथून सरळ बाहेर. तुझ्या हाताशी."

मुलीने त्या भोकावरून बोट फिरवलं.

"मी तर नुसतं बटणाच्या हिशोबाने..." ती पुटपुटली.

"म्हणून ते कमी झालं होय?" मावशीने आता स्वतःहून तिचे हात धरले. "माझे आभार मानायला आलीस. मान, मला गोड वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या मोटरवर माझा शिक्का आहे. तुला काही झालं असतं, तर मी उद्या त्या टेबलावर बसले नसते. कधीच बसले नसते. तू खुर्ची टाकून बसलीस म्हणून मला बसायला जागा राहिली. तुझे उपकार आहेत माझ्यावर, पोरी."

 मुलीने उगाच कप उचलला, तो रिकामा होता, पुन्हा खाली ठेवला. मग एकदम तिला हुंदका आला, आणि या वेळी मावशीने तिचं डोकं आपल्या तेलकट एप्रनशी घट्ट धरलं.  पलीकडच्या टेबलावरची माणसं काम थांबवून बघत होती, आणि बघतोय असं दिसू नये म्हणून मध्येच एखादं हत्यार वाजवत होती.

जिन्यावर फोरमनचे बूट वाजले. तो दोन पायऱ्या एकदम उतरत आला, हातात कोरा कागद आणि पेन.

"मालक खूश आहेत, मावशी! म्हणाले, सगळं नीट लिहून काढा, खालीच येतायत ते." त्याने कागद टेबलावर ठेवला, पेनचं टोपण दातांनी काढलं आणि थाळीकडे बघितलं. "बोल्ट बांधले का? सहाही आपलेच ना?"

मुलीने मान वर केली. मावशीने तिच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

"पाच आपले," ती म्हणाली. "सहावा हिचा."